आतले चाक

सकाळचा डबा टाकीच्या छोट्या, दुहेरी दाराच्या कप्प्यातून आत पाठवताना हेमांगी भाटकर एक गोष्ट नेहमी तपासायची. कुठल्याही बाटलीचे झाकण घट्ट लावलेले नाही ना? घट्ट झाकणाची प्लास्टिकची रिकामी बाटली टाकीत गेली की बघता बघता चुरगळायची. वेफरचे फुगीर पाकीट आत पोचेपर्यंत पापडासारखे चपटे व्हायचे. नवे कामगार पहिल्या दिवशी त्याला हसायचे. मग त्यांच्या लक्षात यायचे, की पाकिटावर आहे तोच दाब आपल्यावरही आहे, आणि हसणे थांबायचे.

टाकी म्हणजे कारवणे खाडीच्या काठावरच्या शेडमध्ये आडवे टाकलेले, बसगाडीएवढे पोलादी नळकांडे. आत सहा बंक, एक मोरी, एक टेबल आणि जाड काचेच्या गोल खिडक्या. सहा माणसे त्यात राहायची. बाहेर पॅनेलसमोर पाळीपाळीने हेमांगी बसायची, नाहीतर प्रसाद गुरव. आतल्यांचा श्वास, आतली ऊब, आतला दाब, सगळे पॅनेलवरच्या माणसाच्या हातात.

खाडीच्या तळाखालून रेल्वेचा बोगदा चालला होता. पोखरणारे अजस्र यंत्र पाण्याच्या पातळीपासून साठ मीटर खाली होते. त्याच्या तोंडाशी चिखल आणि पाणी अशा जोराने आत घुसू बघत, की ते थोपवायला तिथल्या हवेचा दाब वातावरणाच्या सातपट ठेवावा लागे. यंत्राचे दात झिजले की ते बदलायला माणसांनाच त्या दाबात शिरावे लागे. म्हणून त्यांना वर टाकीतही त्याच दाबात ठेवत. कामाला जायचे तर त्याच दाबाच्या बंद डब्यात बसून खाली जायचे आणि तसेच परत यायचे. दाब उतरवायचा तो एकदाच, मुक्काम संपल्यावर.

आणि ते उतरवणेच अवघड होते. बॉइलचा नियम शाळेत सगळेच पाठ करतात. तापमान तेच राहिले, तर वायूचा दाब ज्या पटीने वाढेल त्या पटीने त्याचे आकारमान घटते. सातपट दाबात फुगा एक सप्तमांश होतो. पण तोच नियम उलट्या बाजूनेही चालतो. दाब सातवरून एकवर आला की फुगा सातपट होतो. दाबाखाली राहणाऱ्या माणसाच्या रक्तात, चरबीत, हाडांच्या मगजात श्वासातला वायू विरघळून बसलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. झाकण हळूहळू सैल केले तर तो गुपचूप निघून जातो. फटकन उघडले तर फेस येतो. मोहरीएवढा बुडबुडा बाहेर येईपर्यंत ज्वारीएवढा होतो. पोटात असेल तर ढेकर येते. पाठीच्या कण्यात असेल तर जागा मिळवण्यासाठी तो तिथल्या नसा चिरडतो.

म्हणून टाकीतला दाब तीन-साडेतीन दिवस लावून, अगदी सावकाश उतरवत असत. मग ‘त्वरा’ आले.

त्वरा हे यंत्र बोगदा खणणाऱ्या कंपनीचे मुख्य अभियंते श्रीरंग आगाशे यांनी बनवले होते. प्रत्येकाच्या छातीला एक पट्टा. तो ध्वनिलहरींनी हृदयातून जाणारे रक्त ऐकायचा आणि त्यातले बुडबुडे मोजायचा. बुडबुडे नसतील तर दाब झपाट्याने उतरवायचा, दिसू लागले की थांबायचे. सगळा निर्णय यंत्र घ्यायचे, आणि पॅनेलवर प्रत्येक माणसाच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागायचा. जिथे साडेतीन दिवस लागत तिथे एक दिवस पुरू लागला. कोणाला काही झाले नाही. वर्तमानपत्रांत आगाशेंचे फोटो आले.

पण त्वरामुळे एक गोष्ट बदलली, आणि तिच्याबद्दल कोणी वर्तमानपत्रात लिहिले नाही. पूर्वी माणसे महिनाभर आत राहून एकदाच बाहेर यायची. आता कंपनी त्यांना दर आठवड्याला बाहेर काढू लागली आणि पुन्हा आत घालू लागली. दर आठवड्याला घरी जायला मिळते म्हणून माणसे खूश होती. महिन्यातून एकदा उघडायची बाटली आता चारदा उघडली जात होती.

हेमांगीचा धाकटा भाऊ देवदत्त या खूश माणसांतला पहिला. महिना महिना आत राहणाऱ्या नवऱ्याला कंटाळून त्याची बायको रुचा दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन चिपळूणला माहेरी गेली होती. त्वरा आले आणि ती परत आली. देवदत्त म्हणायचा, आगाशे सरांचा फोटो देवघरात ठेवला तरी चालेल.

---

आधीच्या तुकडीतला जयवंत तांडेल टाकीतून बाहेर आला आणि दाराशीच बसला. उठू शकला नाही. ही गोष्ट हेमांगीला दुसऱ्या दिवशी कळली, कारण ती तेव्हा रजेवर होती. कंपनीने सूचनाफलकावर कागद लावला: कामगाराने पाठीचे जुने दुखणे भरतीच्या वेळी लपवले होते.

ती रत्नागिरीच्या रुग्णालयात त्याला भेटायला गेली. जयवंत चाळिशीचा, होडी वल्हवून खांदे भरलेला माणूस. तो उशीला टेकून बसला होता आणि त्याची बायको त्याच्या पायांना तेल लावत होती. हेमांगी आलेली पाहून ती बाजूला झाली.

"लावू दे गो," जयवंत हेमांगीला म्हणाला. "मला कळत नाहीये, पण तिला बरं वाटतं."

हेमांगीने विचारले, "जयवंतदादा, पाठ दुखायची का तुमची पूर्वी?"

"माझी? मी गेल्या होळीला पालखी नाचवली. तू होतीस तिथे."

ती होती. तिने बघितले होते.

"मग झालं काय?"

"अर्ध्यावर आलो होतो. पोटऱ्यांत मुंग्या यायला लागल्या. मी माइकवर सांगितलं, गुरव, पाय बधीर होतायत माझे. त्यानं आगाशे सरांना विचारलं. मला ऐकू येत होतं ना सगळं. सर म्हणाले, दिवा कुठला आहे? गुरव म्हणाला, हिरवा. सर म्हणाले, मग एका कुशीवर झोपला असेल. थोड्या वेळानं मी परत सांगितलं. परत हिरवा. तिसऱ्यांदा मी बोललोच नाही. मलाच वाटलं, यंत्र म्हणतंय तर आपलंच काहीतरी चुकत असेल."

बाहेर आल्यावर हेमांगी रुग्णालयाच्या आवारात कुठेही न बसता नुसती उभी राहिली. तिला उमगले होते ते एवढे साधे होते, की आगाशेंसारख्या माणसाला ते सुचले नसेल हे शक्यच नव्हते. पट्टा हृदयातून जाणारे बुडबुडे ऐकतो. जो बुडबुडा कण्यात अडकून बसला, तो हृदयाकडे येतच नाही. मग तो ऐकू कसा येणार? जो निघून जातो तो मोजला जातो आणि जो घात करतो तो मोजलाच जात नाही. आणि हे सांगू शकेल असे एकच यंत्र त्या टाकीत होते, ते म्हणजे जयवंत. त्याने दोनदा सांगितले होते.

इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

---

त्या वेळी टाकीत देवदत्तची तुकडी होती आणि त्यांचा आठवडा संपत आला होता. दुपारच्या पाळीला हेमांगी पॅनेलवर बसण्याआधी खिडकीशी गेली आणि तिने फोन उचलला. आतल्या हवेत हेलियम मिसळलेला असल्यामुळे आतली माणसे बदकासारखी बोलत. एक यंत्र तो आवाज माणसासारखा करून देई, पण पुरता नाही. सख्ख्या भावाचा आवाजसुद्धा ओळखीच्या परक्या माणसासारखा येई.

"देवू, उद्या तुम्ही त्वरावर बाहेर येऊ नका. हळूहळू या, जुन्या पद्धतीनं."

"का?"

तिने जयवंतचे सांगितले. काचेपलीकडे देवदत्तचा चेहरा आक्रसला.

"त्याची पाठ आधीपासून खराब होती. फलकावर लावलंय ना."

"ते खोटं आहे."

"तुला कसं माहीत? तू डॉक्टर आहेस?"

"मी त्याला पालखी नाचवताना बघितलंय. तूही बघितलंयस."

देवदत्त खिडकीच्या अगदी जवळ आला. "ताई, शनिवारी मला घरी पोचायचंय. मी रुचाला शब्द दिलाय. गेल्या वेळी मी दोन दिवस उशिरा गेलो तर ती बॅग भरून बसली होती. आता साडेतीन दिवस म्हणजे मंगळवार. ती थांबणार नाही. तुला काय, तुझं कोणी घरी वाट बघत नाही."

हे शेवटचे वाक्य त्याने बोलायला नको होते. हेमांगीने ते ऐकले आणि बाजूला ठेवले.

"मी समजावते रुचाला."

"तू समजावू नकोस. तू समजावलंस की ती आणखी चिडते."

मागच्या बंकवर बसलेला इरफान मुकादम उठून आला. तुकडीत तो वयाने सगळ्यात मोठा होता. त्याने देवदत्तच्या हातून फोन घेतला.

"हेमांगीताई, तांडेल तुम्हाला स्वतः म्हणाला? दोनदा सांगितलं म्हणून?"

"स्वतः म्हणाला."

"आणि गुरवनी आगाशेंना विचारलं?"

"हो. दिवा हिरवा होता."

इरफानने फोन ठेवला आणि तो इतरांकडे वळला. आतले बोलणे तिला नीट ऐकू आले नाही, पण काचेतून सगळे दिसत होते. चौघे मान डोलावत होते. देवदत्त हात उडवून बोलत होता. एकदा त्याने टेबलावर मूठ आपटली. मग इरफान परत आला.

"पाच जण म्हणतायत हळूहळू. एक म्हणतो त्वरा. पण टाकी एक, दाब एक. सरांना सांगा, आम्ही सावकाश येणार."

त्याच्या मागे देवदत्त भिंतीकडे तोंड करून बंकवर आडवा झाला होता.

---

आगाशेंच्या खोलीतून खाडी दिसायची. पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्यांनी हेमांगीला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तांडेलचं मलाही वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण एका माणसावरून नियम काढता येत नाही. त्वरानं शेकडो माणसांना सुखरूप बाहेर काढलंय."

"त्यानं दोनदा सांगितलं, सर."

"माणसाला मुंग्या कशानंही येतात. भीतीनं येतात. रोज कोणीतरी काहीतरी सांगतं. प्रत्येक वेळी थांबलो तर यंत्र हवं कशाला? यंत्र बसवलं तेच यासाठी, की निर्णय कोणाच्या मनावर राहू नये."

"कण्यातला बुडबुडा पट्ट्याला ऐकू येतो का?"

"थेट नाही येत. पण कण्यात असले तर रक्तातही असतात, सहसा."

"सहसा."

"हेमांगी, खाली यंत्र अडकलंय. दात बदलून झाले नाहीत. जितका वेळ ते उभं राहील तितका चिखल त्याच्याभोवती घट्ट बसेल. पुढची तुकडी परवा आत जायलाच हवी. टाकी मला तीन दिवस अडवून ठेवता येणार नाही. उद्या दहा वाजता त्वरा सुरू होईल. मी इथूनच सुरू करीन, पॅनेलवर कोणी काही करायची गरज नाही."

"आतले पाच जण नको म्हणतायत."

"त्यांनी कामावर लागताना संमती दिलेली आहे."

"मग आतलं चाक का काढलंत?"

प्रश्न अचानक आला होता. टाकीतून हवा बाहेर जाते त्या नळाला पूर्वी दोन झडपा होत्या. एक बाहेरच्या अंगाला, एक आत, हाताच्या चाकाची. काही वावगे वाटले तर आतल्या माणसाने ते चाक फिरवायचे आणि हवा जाणे बंद करायचे. त्वरा बसवल्यावर कंपनीने आतले चाक काढून तिथे टोपण ठोकले होते.

"कारण घाबरून कोणीही मध्येच बंद करायचा," आगाशे म्हणाले. "यंत्राचा हिशेब चुकायचा."

"म्हणजे आतल्या माणसाला आता काहीच करता येत नाही."

"त्याला काही करायची गरजच नाही, हेच तर मी सांगतोय."

टाकीच्या दाराला कुलूप नव्हते. कुलूप लागतच नाही. आतला दाब त्या दारावर सतरा टनांचा भार टाकून बसलेला असतो. जगातला कोणताही पैलवान ते आत ओढू शकत नाही. हेमांगी हे रोज बघत आली होती. ते तुरुंगाचे दार आहे असे तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

---

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पॅनेलवर गुरव होता. हेमांगीची पाळी नव्हती, तरी ती त्याच्या मागे उभी राहिली. सहा नावे, सहा हिरवे दिवे. आगाशेंनी त्यांच्या खोलीतून कळ दाबली. नळातून हवा सुटल्याचा फूत्कार शेडमध्ये घुमला आणि दाबाचा आकडा उतरू लागला. जुन्या पद्धतीत तो इतका सावकाश उतरायचा, की बघणाऱ्याला कंटाळा येई. आता तो डोळ्यांदेखत पळत होता.

स्पीकरवर इरफानचा आवाज आला. "गुरव, आम्ही नको म्हटलं होतं. बंद कर."

गुरवने हेमांगीकडे पाहिले. "माझ्या हातात नाही," तो हळूच म्हणाला. "वरून चालू आहे."

"जयवंतदादांच्या वेळीही वरूनच चालू होतं?"

गुरवने मान खाली घातली.

हेमांगी वळली. भिंतीवरचा पाना काढून ती टाकीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. बाहेरची हातझडप नळाच्या बुडाशी होती, त्वरा आल्यापासून उघडीच ठेवलेली आणि बरेच महिने कोणी हात न लावलेली. चाक जाम झाले होते. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, मग पाय टाकीला टेकवून अंगाचा सगळा भार टाकला. चाक करकरले आणि फिरले. फूत्कार बारीक होत गेला आणि बंद झाला. तिने पान्याने मधला नट काढला आणि चाक उचकटून हातात घेतले.

शेड एकदम शांत झाली. पॅनेलवर दाबाचा आकडा थांबला होता.

आगाशे जिना उतरून येईपर्यंत बाहेर थांबलेली पुढच्या तुकडीची माणसेही आत आली होती. मागून सुरक्षारक्षक आले. आगाशेंचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चढला नाही.

"ते चाक दे."

"घ्या," हेमांगी म्हणाली आणि तिने चाक पुढे धरले. "पण तुम्ही स्वतः बसवायचं आणि स्वतः उघडायचं. गुरव नाही, यंत्र नाही. तुमच्या हातानं."

आगाशेंनी चाकाकडे पाहिले.

"आतून इरफान सांगतोय, नको. सगळ्यांनी ऐकलंय. आता उघडा. आणि कोणाला मुंग्या आल्या तर त्या तुमच्या हातानं आलेल्या असतील. तांडेलचे पाय कोणाच्या हातानं गेले ते कोणाला सांगता आलं नाही, कारण तिथे कोणाचा हातच नव्हता. ह्या वेळी असू दे."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस. तुझा भाऊ आत आहे म्हणून."

"माझा भाऊ तुमच्या बाजूनं आहे. विचारा त्याला. घ्या चाक."

त्यांनी हात पुढे केला नाही. गुरवला म्हणाले, "पाइपपाना घे आणि झडप उघड." गुरव उठला, पाना हातात घेतला, आणि तिथेच उभा राहिला. आगाशेंनी पुन्हा सांगितले. गुरव म्हणाला, "सर, नाही." एवढेच. त्याने पाना टेबलावर ठेवला आणि तो परत खुर्चीत बसला.

पुढच्या तुकडीतली माणसे न बोलता झडपेभोवती येऊन उभी राहिली. रक्षकांनी आगाशेंकडे पाहिले. आगाशे वळून जिना चढून गेले. थोड्या वेळाने पॅनेलवरचे त्वराचे दिवे सगळे एकदम विझले.

---

हेमांगी आणि गुरवने चाक परत बसवून टाकीतला दाब जुन्या पद्धतीने उतरवला. एक बसे, एक झोपे. दर तासाला प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचे, काही होतंय का, आणि तो काय म्हणतो ते ऐकायचे. इरफान उत्तर द्यायचा, इतर चौघे द्यायचे. देवदत्त नुसता "नाही" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. शनिवार आला आणि गेला. रविवारी त्याने तेही म्हणणे सोडले. काचेतून अंगठा दाखवायचा.

मंगळवारी दार आपोआप सैल झाले आणि सहाही माणसे आपल्या पायांनी बाहेर आली. डॉक्टरांनी तपासले. सगळे ठणठणीत.

देवदत्त शेडच्या बाहेर तिची वाट बघत थांबला होता.

"रुचा गेली," तो म्हणाला. "शनिवारी रात्रीपर्यंत वाट बघितली म्हणे. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून गेली."

"देवू, मी फोन केला होता तिला. सगळं सांगितलं."

"सांगितलंस ना. मग ती काय म्हणाली?"

रुचा म्हणाली होती, प्रत्येक वेळी काहीतरी कारण असतंच, ताई.

"बघ सगळ्यांकडे," देवदत्त म्हणाला. "इरफानकडे बघ. माझ्याकडे बघ. काय झालंय कोणाला? कोणाला काही झालंय?"

"नाही."

"त्वरावर आलो असतो तरी काही झालं नसतं."

"नसेलही झालं."

"नसेलही? माझं घर मोडून तू नसेलही म्हणतेस?"

"मला माहीत नाही, देवू. कोणालाच कधी कळणार नाही. कळायला तुला आत ठेवून बघावं लागलं असतं. ते बघायची माझी तयारी नव्हती." तिचाही आवाज आता चढला होता. "आणि तू पाच जणांच्या पाठीचा कणा तुझ्या शनिवारसाठी पणाला लावत होतास, त्याबद्दल मी तुला काही बोलले नाही अजून. बोलायला लावू नकोस."

तो बॅग खांद्यावर टाकून निघाला. तिने हाक मारली नाही. त्याच संध्याकाळी कंपनीने तिला कामावरून दूर केल्याचे कळवले. मालमत्तेची नासधूस, असे कारण दिले होते.

---

जयवंतला घरी आणले होते. हेमांगी त्याच्याकडे गेली ती थोडी हलक्या मनाने. निदान त्याला तरी सांगावे असे काहीतरी आपल्याजवळ आहे, असे तिला वाटत होते. तो चाकांच्या खुर्चीत पडवीत बसला होता. तिने सगळे सांगितले.

"म्हणजे चाक फिरवलंस आणि बंद झालं," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि गुरव नाही म्हणाला."

"हो. आगाशेंच्या तोंडावर."

"माझ्या वेळी का नाही म्हणाला?"

हेमांगी पडवीच्या पायरीवर बसली.

"झडप तीच होती. गुरव तोच होता. मी दोनदा सांगितलं होतं. तुझ्या भावानं तर काही सांगितलंसुद्धा नव्हतं." त्याचे मोठे हात खुर्चीच्या कडेवर आवळले गेले होते. "तू चांगलं केलंस. पण तू मला हे सांगून बरं वाटेल म्हणून आली असशील, तर नाही वाटत. मला आणखी राग येतोय."

"येऊ दे," ती म्हणाली. "मलाही येतोय."

थोड्या वेळाने त्याने विचारले, "पुढची तुकडी कधी जातेय आत?"

"उद्या. पुन्हा त्वरावर. आगाशे म्हणतात, मागच्या खेपेला जे झालं तो एका बाईचा आततायीपणा."

"मला तिथे घेऊन चल."

त्याची बायको नको म्हणाली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मी घरात बसून काय करू, सांग." मग ती त्याचा धुतलेला सदरा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सहा माणसे बॅगा घेऊन टाकीच्या दाराशी उभी होती. इरफानही आला होता, आणि त्याच्या तुकडीतले इतर. देवदत्त लांब भिंतीला टेकून उभा होता. त्याने हेमांगीला पाहून नजर वळवली. तिने खुर्ची ढकलत शेडमध्ये आणली तसे बोलणे थांबले. फाटकावरच्या रक्षकाने तिला अडवायला हवे होते, पण खुर्चीतल्या माणसाला बघून त्याने फाटक उघडले होते.

आगाशे पुढे आले. "तांडेल, तुम्ही आराम करायला हवा."

जयवंत दाराशी उभ्या असलेल्या सहा जणांशी बोलला. "पाय बधीर होतायत असं मी आतून दोनदा सांगितलं. मला म्हणाले, दिवा हिरवा आहे. माझी पाठ आधी कधी दुखली नव्हती. फलकावर लावलंय ते खोटं आहे. मला एवढंच सांगायचं होतं."

पॅनेलसमोर बसलेला गुरव उठला. "दोनदा सांगितलं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मी होतो."

सहा जणांपैकी पुढच्याने बॅग खाली ठेवली. मग बाकीच्यांनी ठेवल्या. आगाशे खाली अडकलेल्या यंत्राबद्दल बोलले, चिखलाबद्दल बोलले, करार वाचून दाखवतो म्हणाले. कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही. माणसे नुसती उभी होती. भिंतीला टेकलेला देवदत्त चालत आला आणि इरफानच्या शेजारी उभा राहिला. हेमांगीकडे त्याने अजूनही पाहिले नव्हते.

दुपार कलायला लागली तेव्हा आगाशेंनी वरिष्ठांपैकी कोणाशी तरी फोनवर बोलून विचारले, "काय हवंय तुम्हाला?"

"आतलं चाक परत बसवा," इरफान म्हणाला. "आणि आतल्या माणसानं थांबा म्हटलं की थांबायचं. दिवा कुठलाही असू दे."

परवानगी आली. एक फिटर पेटी घेऊन टाकीत शिरला. उघड्या दारातून सगळे दिसत होते. त्याने ठोकलेले टोपण काढले, झडप बसवली, चाक लावले, नट आवळला, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवून पाहिले. चहा प्यायला लागतो त्याहून फारसा जास्त वेळ लागला नाही. तो हात पुसत बाहेर आला आणि माणसांनी बॅगा उचलल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

जयवंत त्या चाकाकडे बघत होता. हेमांगी खाली वाकून म्हणाली, "बसवलं, दादा."

"एवढंच?" जयवंत म्हणाला.

तो इतका हळू बोलला, की टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ऐकू गेले नाही. आगाशेंना गेले. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा विचारले, "एवढंच होतं?"